मदतीचा आकडा आणि मदतीचा भरवसा

अमेरिकेतल्या कॉलेजचा खर्च किती, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. नामवंत खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकात छापलेली रक्कम आता वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात गेली आहे. पण एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या घरचे ती पूर्ण भरत असतात आणि दुसऱ्याच्या घरून जेमतेम काही हजार जातात. हा फरक ठरतो आर्थिक मदतीच्या पात्रतेवरून, आणि पात्रता ठरते एका वजाबाकीवरून. शिक्षणाचा वर्षाचा एकूण खर्च मांडायचा, त्यातून कुटुंब जेवढं उचलू शकेल असं सूत्र सांगतं तेवढी रक्कम काढून टाकायची; उरेल ती विद्यार्थ्याची ‘गरज’. खर्चात फीबरोबर राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास हे सगळं धरलेलं असतं आणि तो आकडा कॉलेज स्वतः काढतं. खरा वाद आहे तो कुटुंबाच्या ऐपतीच्या आकड्याचा. गेली सत्तर वर्षं हा आकडा अधिकाधिक काटेकोर करण्यात तिथल्या कॉलेजांनी, संसदेने आणि शिक्षणखात्याने अफाट बुद्धी खर्ची घातली. माझं म्हणणं असं, की या काटेकोरपणाची किंमत बेताच्या परिस्थितीतल्या मुलांनी मोजली. आधीपासून ठाऊक असलेली, थोडी ढोबळ पण पक्की मदत ही उशिरा कळणाऱ्या काटेकोर मदतीपेक्षा जास्त मुलांना कॉलेजच्या दारापर्यंत आणते. याचा पुरेसा पुरावा आता हातात आहे आणि धोरण मात्र त्याच्या मागे रखडत चाललं आहे.

गरज मोजून मदत द्यायची, ही पद्धत तशी फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तिथली कॉलेजं चांगल्या विद्यार्थ्यांसाठी एकमेकांवर कडी करत शिष्यवृत्त्या देऊ करत. त्यात हुशार आणि सुखवस्तू मुलाला चार ठिकाणांहून बोलावणं यायचं, आणि हुशार पण गरीब मुलापर्यंत पोचेस्तोवर तिजोरीत फारसं उरत नसे. हार्वर्डमध्ये जॉन मन्रो यांनी कुटुंबाच्या उत्पन्नावरून त्याची ऐपत काढण्याचं सूत्र बसवलं आणि १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाच्या छत्राखाली ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ सुरू झाली. सगळ्यांनी एकाच फॉर्मवर माहिती घ्यायची आणि एकाच रीतीने ऐपत काढायची, म्हणजे पैसा गरजेपाठोपाठ जाईल, अशी त्यामागची धारणा होती. ती धारणा प्रामाणिक होती, हे मान्य करायला हवं. पुढे १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्र सरकार या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर उतरलं. १९७२ मध्ये थेट विद्यार्थ्याच्या नावे अनुदान देण्याची योजना आली आणि १९८० पासून ती सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९२ मध्ये संसदेने सगळ्या सरकारी मदतीसाठी एकच मोफत फॉर्म ठरवला. त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘फॅफ्सा’ म्हणतात, आणि तिथल्या बारावीच्या मुलांच्या घरात हा शब्द परीक्षेच्या निकालाइतक्याच काळजीने उच्चारला जातो.

या फॉर्ममधून निघणाऱ्या आकड्याला आता ‘स्टुडंट एड इंडेक्स’ असं नाव आहे. तो कसा निघतो हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण सूत्र कुणाला पाहतं आणि कुणाकडे पाठ फिरवतं ते तिथेच कळतं. आईवडिलांच्या उत्पन्नातून कर वजा होतो, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार घरखर्चापोटी ठरावीक रक्कम वजा होते. उरलेल्या उत्पन्नात बचतीचा आणि गुंतवणुकीचा १२ टक्के भाग मिळवतात आणि त्या बेरजेवर २२ ते ४७ टक्क्यांपर्यंत चढत्या दराने कुटुंबाचा वाटा काढतात. म्हणजे आईवडिलांच्या नावे ५० हजार डॉलर शिल्लक असतील तर त्यापोटी वर्षाला फार तर २,८२० डॉलर त्यांच्याकडून अपेक्षित असतात. तेच ५० हजार आजोबांनी प्रेमाने नातीच्या नावावर ठेवले असतील तर विद्यार्थ्याच्या मालमत्तेचा दर २० टक्के असल्यामुळे अपेक्षा थेट १० हजारांवर जाते. घर तेच, पैसा तोच, फक्त खात्यावरचं नाव वेगळं. ज्यांच्याकडे सल्लागार आहे त्यांना हे मूल दहावीत जायच्या आधीच माहीत असतं. ज्यांना सल्लागार परवडत नाही त्यांना ते फॉर्म भरून झाल्यावर कळतं, किंवा कधीच कळत नाही.

राहतं घर आणि निवृत्तीसाठी साठवलेला पैसा या सरकारी सूत्राला दिसत नाहीत. त्यामुळे दहा लाख डॉलरच्या, कर्ज फिटलेल्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या घरापोटी काहीच धरलं जात नाही. आणि भाड्याच्या जागेत राहून घरासाठी एक लाख डॉलर बाजूला टाकलेल्या कुटुंबाकडून त्या बचतीपोटी वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक अपेक्षा केली जाऊ शकते. शेतजमिनीचं तर सूत्र बनवणाऱ्यांनाही नीट उमगलेलं नाही. कुटुंब राहतं आणि कसतं ती शेती पूर्वी हिशेबात धरत नसत. २०२४-२५ पासून ती धरू लागले. शेतकरी राज्यांतून ओरड झाल्यावर २०२५ च्या कायद्याने २०२६-२७ पासून ती पुन्हा वगळली. जमिनीची किंमत मोठी आणि हातात रोकड नाही, ही स्थिती काय असते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. न्यू जर्सीत स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचं उदाहरण घ्या. नवराबायको दोघं नोकरी करतात, दर महिन्याला सांगलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी पैसे पाठवतात. सूत्र कुटुंबात त्यांनाच मोजतं जे त्याच छपराखाली राहतात आणि ज्यांचा निम्म्याहून अधिक भार हे कुटुंब उचलतं. सांगलीतले आजीआजोबा त्यात बसत नाहीत. मुलाने आईवडिलांना सांभाळणं हा खर्च न मानता तो मर्जीचा मामला मानायचा, असा एक निर्णय त्या सूत्रात गुपचूप घेतलेला आहे. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर आईवडिलांचा वाटा पूर्वी दोघांत विभागला जायचा. २०२४-२५ पासून तोही विभागला जात नाही.

हे सगळं सरकारी मदतीपुरतं झालं. ज्या खासगी कॉलेजांकडे स्वतःचा मोठा निधी आहे, त्यांतली दोनशेच्या आसपास कॉलेजं याशिवाय ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा दुसरा फॉर्म मागतात. तो कॉलेज बोर्डाचा, फॅफ्सापेक्षा कितीतरी लांब, आणि सवलतीत न बसणाऱ्यांना तो भरायला पैसे पडतात. त्यात घराची किंमत विचारतात, त्यावर कर्ज किती हे विचारतात, घटस्फोट झाला असेल तर दोन्ही पालकांची मिळकत विचारतात. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन घराच्या किमतीकडे पाहत नाहीत. इतर काही कॉलेजं पूर्ण पाहतात. काही उत्पन्नाच्या ठरावीक पटीपर्यंतच पाहतात. दोन भावंडं एकाच वेळी शिकत असतील तर सरकारी सूत्र ते मानत नाही, पण यांतली बरीच कॉलेजं मानतात. म्हणजे एकाच कुटुंबाची ‘गरज’ एका दारात २० हजार निघते आणि शेजारच्या दारात ३५ हजार निघू शकते. दोन्हीकडचे हिशेब शेवटच्या डॉलरपर्यंत चोख असतात. यावरून मला एवढंच म्हणायचं आहे, की गरज ही थर्मामीटर लावून वाचता येईल अशी गोष्ट नाही. कोणता खर्च खरा मानायचा, कोणती संपत्ती मोडता येण्याजोगी मानायची, कुटुंबात कुणाला धरायचं, हे आधी कुणीतरी ठरवतं आणि मग आकडा निघतो. ते ठरवणं चूक आहे असं नाही. कुणीतरी ते ठरवायलाच हवं. पण ज्या सूत्राच्या पायातच इतके निवाडे आहेत, त्याच्या अचूकतेसाठी मुलांना महिनोन्‌महिने टांगणीला लावण्याचं समर्थन करता येत नाही.

शिवाय पात्रता निघाली म्हणजे मदत मिळाली असं होत नाही, आणि पालकांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. गरज ४० हजारांची निघाली तर कॉलेजने ४० हजार द्यावेत असं कोणताही कायदा सांगत नाही. सरकारी पेल अनुदान आहे, पण त्याची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर. बाकीचं कॉलेजच्या तिजोरीवर आणि इच्छेवर. काढलेली गरज पूर्णपणे भागवण्याची हमी देणारी कॉलेजं मोजकी, आणि बहुतेक तीच जिथे प्रवेश मिळणं महाकठीण. त्यातही प्रवेश देताना मुलाची ऐपत पाहायचीच नाही, असं व्रत पाळणारी काही. आणि शेवटच्या काही जागांसाठी का होईना, पैसे भरू शकणाऱ्याकडे झुकणारी काही. बाकीची हजारो कॉलेजं गरजेचा काही भाग भागवतात आणि उरलेली खाच कुटुंबाने कर्ज काढून भरावी असं गृहीत धरतात. मदतीच्या पत्रात अनुदान, कॅम्पसवरच्या कामाचा पगार आणि कर्ज हे तिन्ही एका रकान्यात मांडून खाली एकच भरघोस बेरीज दाखवण्याची रीत तर फारच रुळली आहे. फेडावं लागणारं कर्ज ‘मदत’ म्हणून मोजलं की पत्र छान दिसतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अहवालात तपासणी करून सांगितलं, की ९१ टक्के कॉलेजं आपल्या पत्रात कुटुंबाला नेमकं किती भरावं लागेल हे एकतर सांगतच नाहीत किंवा कमी करून सांगतात. सूत्र शेवटच्या डॉलरपर्यंत काटेकोर, आणि ज्याच्यासाठी ते सूत्र, त्या घराला शेवटचा आकडा धड कळत नाही, ही या व्यवस्थेची मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट आहे.

मदतीच्या पैशाचा दुसरा वापरही लपून राहिलेला नाही. सत्तरच्या दशकापासून कॉलेजांनी प्रवेश आणि आर्थिक मदत ही दोन खाती एकत्र आणून मदतीकडे विद्यार्थी मिळवण्याचं साधन म्हणून पाहायला सुरुवात केली. २० हजारांची ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ देऊन उरलेले ४० हजार भरणारं सधन कुटुंब मिळत असेल, तर तेच २० हजार एका गरीब मुलाला देऊन काहीच न मिळण्यापेक्षा कॉलेजला ते परवडतं. १९५४ मध्ये ज्या चढाओढीला आळा घालायचा होता ती अशी नव्या नावाने परत आली. कॉलेजांनी एकमेकांत ठरवून ती रोखायचा प्रयत्न केला तर तोही कायद्यात अडकतो. आयव्ही लीगमधली विद्यापीठं आणि एमआयटी १९५८ पासून दर वसंतात भेटून, एकाहून अधिक ठिकाणी निवड झालेल्या मुलांच्या कुटुंबाचा वाटा आपसांत जुळवून घेत. १९९१ मध्ये न्यायखात्याने हे संगनमत आहे म्हणून खटला भरला. आयव्ही विद्यापीठांनी माघार घेतली, एमआयटी लढली, आणि १९९४ च्या कायद्याने ऐपत न पाहता प्रवेश देणाऱ्या कॉलेजांना समान सूत्र वापरायची मर्यादित मुभा मिळाली. ती मुभा २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी माजी विद्यार्थ्यांनी अशा विद्यापीठांवर दावा लावला, की तुम्ही श्रीमंतांच्या मुलांना झुकतं माप देत होता, म्हणजे ती मुभा तुम्हाला लागूच नव्हती. सुरुवातीला दहा विद्यापीठांनी आरोप नाकारत, पण एकूण २८ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. प्रकरणाचा कायदेशीर निवाडा काही का असेना, सूत्र एक केलं म्हणजे न्याय आपोआप येतो हा जुना विश्वास त्यातून ढासळला आहे.

महाराष्ट्रातून थेट पदवीसाठी अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या मुलांना ही तिजोरीची बाजू आणखी उघडी दिसते. परदेशी विद्यार्थ्याला तिथली सरकारी मदत नाही. पुण्यातल्या २४ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाच्या घराची कमाई डॉलरमध्ये ३० हजारांच्याही आत येते. कोणत्याही सूत्राने ते कुटुंब भरघोस मदतीला पात्र ठरेल. पण परदेशी मुलाचीही ऐपत न पाहता निवड करणारी आणि पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि अलीकडे त्यांच्यात आलेली डार्टमथ, बोडन, ब्राउन अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इतर ठिकाणी मदत मागणं हेच प्रवेश नाकारला जाण्याचं कारण ठरू शकतं. त्यात फॉर्म विचारतो स्थावर मालमत्तेची आजची बाजारभावाने किंमत. सातबाऱ्यावर चुलत्यांसह अनेक नावं असलेल्या, वाटणी न झालेल्या जमिनीची किंमत त्या चौकटीत काय लिहायची, याचं उत्तर फॉर्ममध्ये नसतं.

आता पुराव्याकडे येतो. अर्थशास्त्रज्ञ सुसन डायनार्स्की आणि ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २००६ मध्ये दाखवलं, की फॅफ्सामधले बहुसंख्य प्रश्न गाळून टाकले तरी पेल अनुदानाच्या निकालात फारसा फरक पडत नाही. उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार यांनीच बहुतेक काम भागतं. २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना इथे ‘एच अँड आर ब्लॉक’ या करसल्ला कंपनीच्या कार्यालयांत एक प्रयोग झाला. ४५ हजार डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचं करविवरणपत्र भरून झालं, की तिथल्या तिथे त्याच माहितीवरून फॅफ्सा भरून द्यायचा. काही कुटुंबांना फॉर्म भरून न देता फक्त ‘तुम्हाला इतकी मदत मिळू शकते’ एवढी माहिती दिली. ज्यांना फॉर्म भरून दिला त्या घरांतल्या बारावीच्या मुलांमध्ये, पुढच्या तीन वर्षांत किमान दोन वर्षं कॉलेजात टिकणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना फक्त माहिती दिली त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. अडथळा कागदांचा होता आणि तो काढल्याबरोबर मुलं पुढे सरकली.

त्याहून बोलका प्रयोग मिशिगनचा. तिथल्या विद्यापीठाने २०१५ पासून राज्यातल्या सरकारी शाळांत शिकणाऱ्या, चांगल्या गुणांच्या, गरीब घरच्या मुलांना एक रंगीत पाकीट पाठवलं. शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवण मिळतं, एवढ्यावरून गरिबी ठरवली. वेगळा कागद मागितला नाही. पत्रात लिहिलं होतं, की तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी आर्थिक मदतीचा कोणताही फॉर्म भरायची अट नाही. लक्षात घ्यायचं ते असं, की ज्यांना हे पाकीट मिळालं नाही अशा तशाच मुलांपैकी बहुतेकांना नेहमीच्या मार्गाने अर्ज केला असता तर साधारण तेवढीच मदत मिळणार होती. नवा पैसा जवळपास नव्हताच. नवा होता तो शब्द. पाकीट न मिळालेल्यांपैकी २६ टक्के मुलांनी त्या विद्यापीठाकडे अर्ज केला. मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. या वाढीतली जवळपास पाव मुलं अशी होती, जी एरवी कोणत्याच कॉलेजात गेली नसती. पुढे या प्रयोगाच्या अभ्यासकांनी ‘फी माफ, पण आधी गरज सिद्ध कर’ असं सांगणारं पत्रही पाठवून पाहिलं. त्याचा परिणाम बिनशर्त हमीच्या तुलनेत पुष्कळच कमी निघाला.

अमेरिकी संसदेने यातून काही धडा घेतला, हे खरं आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्याने शंभराहून अधिक प्रश्नांचा फॅफ्सा पन्नाशीच्या आत आणला. उत्पन्नाची माहिती करखात्याकडून परस्पर यायची सोय केली. उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि करविवरणपत्र साधं असेल तर मालमत्ता विचारायचीच नाही, असं ठरलं. सगळ्यात मोलाचा बदल पेल अनुदानाचा: दोन पालकांच्या कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांच्या आत, आणि एकट्या आईचं किंवा वडिलांचं २२५ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण अनुदान. हे कोष्टक आठवीतल्या मुलीची आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहू शकते. पण अंमलबजावणीने माती केली. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला खुला होणारा फॉर्म २०२३ मध्ये डिसेंबरच्या अखेरीस आणि तोही दिवसातले काही तास उघडला. महागाईनुसार रकमा वाढवायचं राहून गेल्याने १८० कोटी डॉलरची मदत कमी निघणार असल्याचं लक्षात आलं आणि हिशेब पुन्हा करावे लागले. आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या मुलांना फॉर्म पुराच करता येईना. कॉलेजांच्या हाती माहिती पडायला मार्च उजाडला. सोपा केलेला फॉर्म जर वेळेवर आणि खात्रीने चालणार नसेल तर त्याच्या सोपेपणाचा उपयोग नाही, हे त्या वर्षी लाखो घरांनी सोसून दाखवलं.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की सूत्र ढोबळ केलं तर ज्यांचा पैसा धंद्यात आणि गुंतवणुकीत लपलेला आहे ते लोक गरिबांच्या वाट्यावर हात मारतील. थोडं तसं होईल. पण आजच्या बारीक सूत्रातून पैसा वाचवण्याच्या वाटा ज्यांना माहीत आहेत ते हेच लोक आहेत. निवृत्तीखातं, राहतं घर, खात्यावरचं नाव या फटी आजच्या काटेकोर पद्धतीतल्याच आहेत. आणि व्याज, भाडं, धंद्याचा नफा यांची विवरणपत्रं जोडणाऱ्यांसाठीच मालमत्तेचे प्रश्न राखून ठेवता येतात, जसे आता ठेवले आहेत. पगारावर जगणाऱ्या, वर्षाला चाळीस हजार कमावणाऱ्या घराला त्या चाळणीतून घालून काहीही सापडत नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रातल्या वाचकाला आपल्या अनुभवावरून सुचेल. साधी रेषा ओढली की रेषेच्या कडेला अन्याय होतो. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. ही मर्यादा पालकांना तोंडपाठ असते, हा तिचा मोठा गुण. पण ७ लाख ९० हजारांच्या घराला फीमध्ये सवलत आणि ८ लाख १० हजारांच्या घराला काहीच नाही, हा कडेलोट तिचा दोष. शिवाय नोकरदाराचं उत्पन्न फॉर्म १६ वर छापलेलं असतं, आणि दुकानदाराचं तहसीलदाराच्या दाखल्यावर येईल ते. आक्षेप बरोबर आहे, पण तो एकाच रेषेवर लागू होतो, सोपेपणावर होत नाही. उतरता टप्पाही सोपा असू शकतो. आयआयटीत कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण शिक्षणशुल्क माफ आणि एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ, हे समजायला कुणाला सल्लागार लागत नाही. अमेरिकेतलं पेल अनुदानही वरच्या उत्पन्नाकडे जाताना हळूहळू कमी होत जातं. चार-पाच टप्प्यांचं कोष्टक शाळेच्या भिंतीवर लावता येतं. सत्तेचाळीस टक्क्यांपर्यंत चढणारा दर लावता येत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा: जास्त मुलं पुढे आली तर खर्च वाढेल. वाढेलच, आणि वाढायला हवा. आज जो पैसा वाचतो आहे तो पात्र मुलांनी न मागितल्यामुळे वाचतो आहे. मिशिगनमधल्या ज्या मुलांनी पाकीट न मिळाल्यामुळे अर्जच केला नाही, त्यांच्या नावची मदत विद्यापीठाने कधी नाकारली नव्हती. ती मुलं तिथवर पोचलीच नाहीत. या प्रकारे होणाऱ्या बचतीला काटकसर म्हणता येत नाही. खर्चाचा खरा ताण पडेल तो कमी निधीच्या कॉलेजांवर, आणि तिथे उत्तर सरकारी अनुदान वाढवणं हेच आहे. पेलची कमाल रक्कम २०२३-२४ पासून तिथेच थांबली आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. आयुष्य कोष्टकात बसत नाही. फॉर्म दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहतो: २०२५ मध्ये कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी २०२३ चं. मधल्या काळात नोकरी गेली, वडील वारले, आईच्या कर्करोगाची बिलं सुरू झाली, तर जुना आकडा धादांत खोटा ठरतो. यासाठी तिथल्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. कॉलेजच्या मदत कार्यालयातला अधिकारी कागदपत्रं पाहून त्या एका विद्यार्थ्यापुरते सूत्रातले आकडे बदलू शकतो, आणि २०२० च्या कायद्याने ही मुभा असल्याचं जाहीरपणे सांगणं कॉलेजांना बंधनकारक केलं आहे. पण प्रत्यक्षात हे अधिकारी पडताळणीच्या ढिगाऱ्याखाली दबलेले असतात. ज्यांच्या उत्पन्नाबद्दल शंका घ्यायला जागा नाही, अशा घरांकडून करपत्रं, सह्या आणि खुलासे मागवण्यात त्यांचे वसंतातले आठवडे जातात. बहुसंख्य विद्यार्थ्यांची पात्रता करखात्याच्या नोंदीवरून, साध्या कोष्टकाने, नववीतच ठरवून चार वर्षांसाठी पक्की केली, तर हाच वेळ त्या विस्कटलेल्या घरांसाठी मोकळा होईल. आज अशा अर्जावर अधिकाऱ्याने दिलेला निर्णय अंतिम असतो. त्यावर शिक्षणखात्याकडे दाद मागता येत नाही. तेव्हा निदान एवढी दुरुस्ती तातडीने व्हायला हवी, की नकार देताना त्याचं कारण लेखी द्यावं, ते मुदतीत द्यावं, आणि त्याच कॉलेजातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने तो अर्ज एकदा पुन्हा वाचावा.